‘अर्जंट ॲक्शन’: पत्र लिहिणाऱ्याच्या बाजूने एक परीक्षण

मानवी हक्कांसाठी काहीतरी करावे असे ज्यांना मनापासून वाटते, पण सुरुवात कोठून करावी हे उमगत नाही, त्यांना मी ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संघटनेच्या ‘अर्जंट ॲक्शन’ या सेवेचे नाव सुचवते. गेली कित्येक वर्षे मी तिच्यामार्फत पत्रे लिहीत आले आहे, आणि येथे तिचे परीक्षण करताना मी एकच कसोटी लावणार आहे: कागदावर ज्या माणसाचे नाव छापलेले असते, त्याला या सगळ्या खटाटोपाचा उपयोग होतो की नाही. पत्र लिहिणाऱ्याला मिळणारे समाधान मोलाचे असले, तरी सेवेची गुणवत्ता त्यावरून ठरवता येणार नाही.

सेवा समजायला सोपी आहे. एखाद्या देशात कोणाला बेकायदा अटक झाली, कोठडीत छळ होण्याची भीती निर्माण झाली, फाशीची तारीख जवळ आली किंवा एखादा कार्यकर्ता एकाएकी बेपत्ता झाला, की संघटनेचे संशोधक त्या माहितीची खातरजमा करतात, साधारण दोन पानांचे आवाहन तयार करतात आणि जगभर नाव नोंदवलेल्या लोकांकडे ते पाठवतात. त्या लोकांनी संबंधित मंत्र्याला, तुरुंगाधिकाऱ्याला किंवा सरकारी वकिलाला शक्य तितक्या लवकर पत्र लिहायचे असते. वेळेवर पोहोचण्याला येथे सर्वांत अधिक महत्त्व आहे, कारण छळ बहुधा अटकेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत होतो, आणि त्या दिवसांत कैद्याला वकील भेटत नाही, घरच्यांना पत्ता लागत नाही आणि न्यायालयासमोर काहीच आलेले नसते.

आवाहनाचा कागद कसा असतो हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण या सेवेचे खरे कसब तेथेच दिसते. पहिल्या पानावर व्यक्तीचे नाव, देश आणि धोका यांचा उल्लेख असलेले शीर्षक असते आणि त्याखाली नमुन्यादाखल एक पत्र असते. पत्र कोणाला पाठवायचे, त्या अधिकाऱ्याचे नेमके पद काय, टपालाचा आणि ईमेलचा पत्ता कोणता, आणि ‘महामहिम’ म्हणायचे की ‘माननीय मंत्रिमहोदय’, हे सर्व तेथे स्पष्ट दिलेले असते. दुसऱ्या पानावर पार्श्वभूमी येते: अटक केव्हा झाली, कोणते कलम लावले, खटला कोठे अडला आहे, त्या देशात अशा प्रकरणांचा आजवरचा अनुभव काय आहे. शेवटी काही छोट्या ओळी असतात, आणि माझ्या मते त्याच सर्वांत विचारपूर्वक लिहिलेल्या असतात. पत्र कोणत्या भाषांत चालेल, कोणत्या तारखेपर्यंत पाठवावे आणि संबंधित व्यक्तीचा उल्लेख कोणत्या सर्वनामाने करावा, हे त्या सांगतात. ती तारीख उलटून गेली असेल, तर पत्र पाठवण्यापूर्वी संघटनेकडे चौकशी करावी असा संकेत आहे. दरम्यान कैद्याची बदली झालेली असू शकते, कुटुंबाची सरकारशी बोलणी सुरू झालेली असू शकतात, आणि अशा वेळी उशिरा आलेले पत्र त्रासाचे ठरू शकते.

पत्र कसे लिहावे याविषयीच्या सूचना काटेकोर आहेत, आणि नवख्या माणसाला त्या सुरुवातीला थोड्या जाचक वाटतात. भाषा सभ्य असावी, पत्र थोडक्यात असावे, आपण कोण आहोत हे एका वाक्यात सांगावे, त्या देशाच्या राजकारणावर किंवा धर्मावर शेरे मारू नयेत, आणि मागणी एकच व स्पष्ट असावी: बिनशर्त सुटका करा, वकिलाची भेट होऊ द्या, वैद्यकीय उपचार द्या, फाशी स्थगित करा. अन्यायाची बातमी वाचून ज्याचे रक्त उसळते, त्याला छळाला जबाबदार असलेल्या अधिकाऱ्याला ‘माननीय’ लिहिणे जड जाते, हे मला ठाऊक आहे. परंतु संताप व्यक्त करणे हा या पत्राचा हेतूच नाही. पत्र उघडणारा बहुधा कोणीतरी कारकून असतो. ते पुढच्या टेबलावर सरकवायचे की केराच्या टोपलीत टाकायचे हे तो ठरवतो, आणि शिवीगाळ असलेले पत्र बाजूला सारण्याचे सबळ कारण आपणच त्याच्या हाती देतो.

अशा पत्राने काही घडते का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर या सेवेच्या जन्मकथेतच आहे. फेब्रुवारी १९७३मध्ये ब्राझीलमध्ये लष्करी राजवट असताना लुईझ बासिलिओ रॉसी या प्राध्यापकांना अटक झाली. त्यांच्या जिवाला धोका आहे हे ओळखून ॲम्नेस्टीने त्याच वर्षी मार्च महिन्यात आपले पहिले तातडीचे आवाहन काढले, आणि त्या सरकारकडे पत्रांचा ओघ सुरू झाला. रॉसी त्याच वर्षी सुटले. आपले प्रकरण जगजाहीर झाले आहे हे कळताच आता आपल्याला मारून टाकणे त्यांना शक्य नाही याची खात्री पटली, आणि त्यानंतर आपल्यावरचा दबाव कमी झाला, असे त्यांनी पुढे सांगितले. डोमिनिकन रिपब्लिकमधील कामगार नेते हुलिओ दे पेन्या वाल्देस यांनी १९७५च्या तुरुंगवासाविषयी सांगितलेला अनुभवही असाच आहे. त्यांना भूमिगत कोठडीत विवस्त्र ठेवले होते. पहिली दोनशे पत्रे आली तेव्हा पहारेकऱ्यांनी कपडे परत दिले, पुढची दोनशे आली तेव्हा तुरुंगाधिकारी स्वतः भेटायला आले, आणि पत्रे येतच राहिली तेव्हा प्रकरण थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत पोहोचले.

या दोन्ही कथनांतून या सेवेमागची यंत्रणा नीट कळते. छळ करणारा माणूस गुप्ततेच्या भरवशावर वागत असतो. आपण काय करतो हे कोणालाच ठाऊक नाही, आणि उद्या कोणी विचारणारही नाही, या खात्रीवर त्याचे धैर्य टिकलेले असते. परदेशातून एका विशिष्ट कैद्याचे नाव, अटकेची तारीख आणि तुरुंगाचे नाव लिहिलेली शेकडो पत्रे आली, की ती खात्री ढळते. वरिष्ठ खुलासा मागतात, वरिष्ठांना परराष्ट्र खाते विचारते, आणि मधल्या फळीतला प्रत्येक जण स्वतःची जबाबदारी झटकण्यासाठी फाइल व्यवस्थित ठेवू लागतो. पत्र वाचून अधिकाऱ्याचे हृदयपरिवर्तन होईल अशी अपेक्षा ही सेवा ठेवत नाही, आणि मला तिचा हा व्यवहारीपणा फार मोलाचा वाटतो.

मुळात संघटनाच एका लेखातून उभी राहिली. ब्रिटिश वकील पीटर बेनेन्सन यांनी २८ मे १९६१ रोजी ‘ऑब्झर्व्हर’ या लंडनच्या साप्ताहिक वृत्तपत्रात विस्मृतीत गेलेल्या कैद्यांविषयी लेख लिहिला, आणि केवळ आपल्या मतांमुळे वा श्रद्धेमुळे तुरुंगात असलेल्या, हिंसेचा अवलंब न केलेल्या माणसांसाठी वर्षभर मोहीम चालवण्याचे आवाहन केले. त्या लेखात ज्यांची नावे होती त्यांत अंगोलाचे कवी आणि डॉक्टर आगोस्तिन्यो नेतो हेही होते, जे पुढे १९७५मध्ये स्वतंत्र अंगोलाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. वर्षभरासाठी योजलेली मोहीम थांबलीच नाही. १९७७मध्ये संघटनेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

अर्जंट ॲक्शनचीच एक मोठी, वर्षातून एकदा होणारी आवृत्ती ‘राइट फॉर राइट्स’ या नावाने चालते. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा संमत झाला; त्या दिवसाच्या आगेमागे ही मोहीम होते. तिची सुरुवात २००१मध्ये पोलंडमधील वॉर्सा येथे, चोवीस तास अखंड पत्रे लिहिण्याच्या उपक्रमातून झाली. येथे मोजक्याच व्यक्तींची प्रकरणे निवडली जातात आणि त्यांच्यासाठी लाखोंच्या संख्येने पत्रे, सह्या आणि संदेश जमा होतात. नायजेरियाचे मोझेस अकातुग्बा यांचे उदाहरण यात सर्वांत ठळक आहे. २००५मध्ये अटक झाली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. पोलिसांनी छळ करून आपल्याकडून कबुलीजबाब घेतला असे त्यांनी सांगितले. २०१३मध्ये त्यांना फाशीची शिक्षा झाली. जगभरातून सुमारे आठ लाख संदेश गेल्यानंतर मे २०१५मध्ये डेल्टा प्रांताच्या गव्हर्नरांनी त्यांना माफी दिली. त्या मोहिमेतील एक पत्र माझेही होते, आणि ते आठ लाखांतले एक होते याचे मला कधीच वाईट वाटले नाही.

तरीही वार्षिक मोहीम आणि वर्षभर चालणारी आवाहने यांत निवड करायची झाली, तर मी आवाहनांना झुकते माप देईन. वार्षिक मोहिमेत सामूहिक उत्साह असतो, शाळा-महाविद्यालयांतील मुले एकत्र बसून लिहितात, आणि नव्या माणसाला या कामाची गोडी लागण्यासाठी त्याहून चांगला मार्ग नाही. परंतु ज्या कैद्याचे नाव त्या मोजक्या यादीत नसते, ज्याचे प्रकरण गुंतागुंतीचे असते, ज्याचे छायाचित्र उपलब्ध नसते, त्याच्या वाट्याला फक्त ते दोन पानी आवाहनच येते. त्याच्यासाठी पत्र लिहिणारे थोडे असतात, म्हणूनच तेथे एकेका पत्राचे वजन अधिक असते.

माझा दुसरा आक्षेप एका क्लिकवर होणाऱ्या सह्यांविषयी आहे. ईमेल आणि ऑनलाइन अर्जामुळे वेग आला, आणि ज्यांना टपालखर्च परवडत नाही तेही सहभागी होऊ लागले. हा लाभ मी नाकारत नाही. पण एकाच मजकुराचे हजारो ईमेल एका नियमाने गाळून एका फोल्डरमध्ये टाकता येतात, आणि मग ते कोणीही वाचत नाही. हाताने लिहिलेले, वेगवेगळ्या शब्दांतले, वेगवेगळ्या देशांचे टपालशिक्के असलेले लिफाफे मात्र कोणाला तरी उघडावेच लागतात. संघटना स्वतःही आवाहनात स्वतःच्या शब्दांत लिहा असे सांगते, आणि ती सूचना गांभीर्याने घ्यावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नमुना पत्रातले तथ्य तसेच ठेवावे, पण पहिले आणि शेवटचे वाक्य तरी आपले असावे. शिक्षिका असाल तर शिक्षिका म्हणून लिहा, परिचारिका असाल तर कैद्याच्या औषधांविषयी विचारा. वाचणाऱ्याला त्या कागदामागे एक जिवंत माणूस दिसला पाहिजे.

तुलनेसाठी सांगते, सह्या गोळा करणाऱ्या एका दुसऱ्या संकेतस्थळाचाही मी काही काळ वापर केला होता. तेथे निवेदन कोणाकडे जाणार हे पानावर कोठेच लिहिलेले नव्हते, माहितीचा उगम दिलेला नव्हता, आणि सही केल्यानंतर लगेच देणगीचे पान उघडले. पुढे त्या प्रकरणाचे काय झाले हे मला कधीच कळले नाही. मानवी हक्कांच्या मोहिमेत सही मागणाऱ्याने किमान तीन गोष्टी सांगायलाच हव्यात असे मला तेव्हापासून वाटते: माहिती कोणी तपासली, निवेदन कोणाच्या टेबलावर जाणार, आणि ज्याच्यासाठी हे चालले आहे त्याची किंवा त्याच्या कुटुंबाची संमती आहे का.

संमतीचा मुद्दा मी मुद्दाम अधोरेखित करते. प्रसिद्धीने प्रत्येक कैद्याचे भले होतेच असे नाही. काही वेळा कुटुंब शांतपणे प्रयत्न करत असते आणि बाहेरचा गाजावाजा सरकारला हट्टाला पेटवतो. कैद्याला थेट पाठवायच्या शुभेच्छापत्रांविषयी ‘राइट फॉर राइट्स’मध्ये प्रत्येक प्रकरणागणिक वेगळ्या सूचना असतात त्या यामुळेच: एका ठिकाणी धार्मिक चित्र असलेले कार्ड नको, दुसऱ्या ठिकाणी संघटनेचे नावसुद्धा लिहू नका, तिसऱ्या ठिकाणी रंगीत चित्रे आणि साधे शब्द अवश्य पाठवा. या सूचना न वाचता उत्साहाने लिहिणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांचा हेतू कितीही शुद्ध असला तरी तो धोका त्या कैद्याच्या माथी येतो.

आता विश्वासार्हतेकडे वळू, कारण ज्याच्या शब्दावर मी परक्या देशाच्या मंत्र्याला पत्र लिहिणार, त्याने तपासलेले तथ्य खरे असायलाच हवे. या बाबतीत संघटनेची कीर्ती एकंदरीत चांगली आहे, आणि तिच्या चुका मोठ्या झाल्या त्या जाहीरही झाल्या. इराकने कुवेत व्यापल्यानंतर इराकी सैनिकांनी रुग्णालयांतील अर्भकांना इन्क्युबेटरमधून काढून मरू दिले, हा आरोप डिसेंबर १९९०च्या तिच्या अहवालात आला होता. युद्धानंतर प्रत्यक्ष तपास केल्यावर त्याला आधार सापडला नाही आणि १९९१मध्ये संघटनेने तो मागे घेतला. तोवर त्या आरोपाचा युद्धाच्या समर्थनार्थ भरपूर वापर होऊन गेला होता, त्यामुळे ती चूक निव्वळ दुरुस्तीने भरून निघाली असे मी म्हणणार नाही. मानवी हक्कांच्या मोहिमेतले असत्य दोनदा इजा करते: एकदा ज्याच्यावर आरोप झाला त्याला, आणि पुढच्या वेळी ज्याची खरी कहाणी कोणी ऐकून घेत नाही त्याला.

केवळ मतांमुळे वा श्रद्धेमुळे तुरुंगात असलेल्या आणि हिंसेचा अवलंब न केलेल्या माणसाला संघटना ‘विचारकैदी’ म्हणते; हा दर्जा कोणाला द्यावा या प्रश्नावरही तिची कसोटी लागली आहे. सशस्त्र लढ्याचा मार्ग स्वीकारल्यामुळे नेल्सन मंडेला यांना १९६०च्या दशकात तिने विचारकैदी मानले नाही, आणि त्यावर सभासदांत तीव्र मतभेद झाले. २००६मध्ये मात्र तिने त्यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला. रशियाचे विरोधी पक्षनेते ॲलेक्सी नवाल्नी यांच्या जुन्या वक्तव्यांमुळे फेब्रुवारी २०२१मध्ये तिने त्यांचा विचारकैदीचा दर्जा काढला आणि मे महिन्यात माफी मागून परत दिला. मला मंडेलांच्या बाबतीतला निर्णय पटत नाही, पण समजतो. नियम सर्वांना सारखा लावायचा तर तो आपल्या आवडत्या माणसालाही लागतो. नवाल्नींच्या बाबतीत मात्र माणूस तुरुंगात असताना त्याच्या दर्जाविषयीची चर्चा त्याच्या विरोधकांच्या हातात शस्त्र म्हणून गेली, आणि माझ्या कसोटीवर तो निर्णय उतरत नाही.

पैशाच्या बाबतीत संघटनेचे धोरण स्पष्ट आहे: संशोधन आणि मोहिमा यांसाठी ती सरकारांकडून निधी घेत नाही. सरकारांवर टीका करणाऱ्या संस्थेच्या बाबतीत मला ही अट अत्यावश्यक वाटते.

यानंतर या सेवेचा सर्वांत कठीण भाग येतो, आणि तो आपल्या स्वतःच्या देशाविषयी आहे. सुरुवातीच्या काळात संघटनेचा एक कडक नियम होता: सभासदांनी स्वतःच्या देशातील प्रकरणांवर काम करायचे नाही. प्रत्येक स्थानिक गटाकडे तीन कैदी सोपवले जात, एक पाश्चात्त्य गटातला, एक साम्यवादी गटातला आणि एक विकसनशील देशांतला, म्हणजे कोणत्याही बाजूला झुकल्याचा आरोप होऊ नये. स्वदेशावर काम न करण्यामागे दोन कारणे होती. सभासदाला त्याच्याच सरकारकडून त्रास होऊ नये, आणि स्थानिक पक्षीय वादात संघटना ओढली जाऊ नये. या शतकाच्या सुरुवातीपासून हा नियम शिथिल होत गेला आणि आता राष्ट्रीय शाखा स्वतःच्या देशातील प्रश्नांवर उघडपणे बोलतात.

नियम बदलला ते योग्यच झाले असे माझे ठाम मत आहे. दूरच्या सरकारला पत्र लिहिताना आपली नोकरी, आपले शेजारी, आपले नातेवाईक यांपैकी काहीच पणाला लागत नाही. स्वतःच्या देशातल्या पोलीस कोठडीतील मृत्यूविषयी निवेदनावर सही करताना यांतले बरेच काही पणाला लागू शकते. जो माणूस दुसऱ्या खंडातील कैद्यासाठी हिरिरीने लिहितो आणि आपल्या देशातल्या कैद्याचे नाव निघताच ‘त्याने काहीतरी केलेच असेल’ म्हणतो, त्याच्या पत्रातला तत्त्वाचा भाग मला खोटा वाटतो. ज्या दिवशी एखाद्या परक्या माणसाने आपल्या सरकारला असेच सभ्य पत्र लिहिले, त्या दिवशी आपल्याला राग येतो की आभार मानावेसे वाटतात, हे प्रत्येक पत्रलेखकाने स्वतःला विचारून पाहावे.

पण या कामाची किंमतही डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे. अर्जेंटिनात लष्करी राजवटीने पळवून नेलेल्या मुलांच्या आया ३० एप्रिल १९७७ रोजी ब्यूनस आयर्सच्या प्लासा दे मायो या चौकात पहिल्यांदा जमल्या, आणि डोक्याला पांढरे रुमाल बांधून दर गुरुवारी चौकाला फेऱ्या मारू लागल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांच्या नेत्या असुसेना व्हियाफ्लोर आणि आणखी दोन संस्थापक आया यांनाही पळवून नेण्यात आले. त्यांचे अवशेष ओळखता आले ते २००५मध्ये. बाहेरच्या देशांतून पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणालाही अशी किंमत मोजावी लागली नव्हती. आणि तरीही बाहेरच्यांना जे ठाऊक झाले ते याच बायकांनी गोळा केलेल्या नावांमुळे, तारखांमुळे आणि छायाचित्रांमुळे. कोणत्याही आवाहनाच्या कागदावरची पहिली ओळ अशाच कोणीतरी, त्याच गावात राहून, धोका पत्करून मिळवलेली असते: वकिलाने, बहिणीने, सहकाऱ्याने, एखाद्या निनावी परिचारिकेने. दूरचे पत्र त्या माणसाच्या पाठीशी उभे राहते, एवढेच आणि इतके मोठे त्याचे काम आहे.

सरकारांनाही हे नाते कळते, म्हणून ती आधी स्थानिक कार्यालयांवर घाव घालतात. बँक खाती गोठवल्यानंतर सप्टेंबर २०२०मध्ये ॲम्नेस्टीला भारतातील काम थांबवावे लागले, राष्ट्रीय सुरक्षा कायद्यामुळे २०२१मध्ये हाँगकाँगमधील कार्यालये बंद करण्याची घोषणा झाली, आणि एप्रिल २०२२मध्ये रशियाने मॉस्को कार्यालयाची नोंदणी रद्द केली. कार्यालय बंद झाले की त्या देशाविषयीची आवाहने थांबत नाहीत, पण माहिती मिळवणे अवघड होते, आणि त्याचा तोटा शेवटी कैद्यालाच सोसावा लागतो.

या सेवेकडून मला जे अधिक हवे आहे ते याच ठिकाणी. परदेशी अधिकाऱ्याला कसे लिहावे याविषयी ती उत्तम मार्गदर्शन करते, पण लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या सुरक्षिततेविषयी आवाहनाच्या कागदावर फारसे काही नसते. आपले नाव आणि घरचा पत्ता सहीखाली द्यावा का, त्या देशात आपले नातेवाईक असतील किंवा पुढे तेथे प्रवास करायचा असेल तर काय करावे, ऑनलाइन सहीतील आपली माहिती कोठे साठते, हे प्रश्न जगाच्या निम्म्या भागातील पत्रलेखकासाठी खरे आहेत. स्वतंत्र देशातल्या, निर्धास्त पत्रलेखकाला डोळ्यांसमोर ठेवून ही रचना तयार झाली आहे असे मला जाणवते, आणि यात सुधारणा होणे आवश्यक आहे.

पाठपुराव्याच्या बाबतीत अपेक्षा वास्तव ठेवाव्यात. काही प्रकरणांत आनंदाची बातमी येते, काहींत शिक्षा कमी झाल्याचे कळते, आणि काही आवाहने ‘सध्या आणखी कृतीची गरज नाही’ असे सांगून बंद होतात, ज्यातून वाचणाऱ्याला फारसे काही समजत नाही. कधीकधी तपशील न देण्यामागेही कैद्याच्या सुरक्षेचाच विचार असतो. सरकारकडून पत्राला उत्तर येणे दुर्मीळ आहे. आलेच, तर ते सांभाळून ठेवावे आणि संघटनेला कळवावे, कारण सरकारने लेखी दिलेले एखादे वाक्य संशोधकाला फार उपयोगी पडते.

केवळ पत्रांवर सर्व काही साधत नाही हेही मान्य करायला हवे. अमेरिकेत लुईझियानातील तुरुंगात चार दशकांहून अधिक काळ एकांतवासात काढलेले अल्बर्ट वूडफॉक्स फेब्रुवारी २०१६मध्ये सुटले, त्यामागे पत्रांइतकीच, किंबहुना त्यांहून अधिक, वकिलांची वर्षानुवर्षांची न्यायालयीन झुंज होती. कायदेच बदलायचे असतील, तर दीर्घ मोहीम लागते: १९७२च्या अखेरीस ॲम्नेस्टीने छळाविरुद्ध मोहीम उघडली आणि संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार संमत झाला तो १० डिसेंबर १९८४ रोजी. १९७७मध्ये सर्व गुन्ह्यांसाठी फाशी रद्द केलेले देश १६ होते, २०२३च्या अखेरीस ते ११२ झाले. भूसुरुंगांवरील बंदीसाठी १९९२मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय मोहिमेने मात्र १९९७मध्येच ओटावा करार घडवून आणला, आणि त्याच वर्षी तिला व तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना शांततेचे नोबेल मिळाले. एवढा वेग अपवादात्मक आहे.

पर्यायांचा विचार करणाऱ्यांसाठी थोडक्यात लिहिते. ज्यांना सखोल वाचन हवे आहे त्यांनी ह्यूमन राइट्स वॉचचे अहवाल पाहावेत. ज्यांच्या ओळखीत प्रत्यक्ष कोणी बेकायदा स्थानबद्ध आहे, त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी स्थानबद्धतेविषयीच्या कार्यगटाकडे दाद मागावी. १९९१मध्ये स्थापन झालेला हा गट कुटुंबीयांच्या तक्रारीही स्वीकारतो. धोक्यात असलेल्या कार्यकर्त्यांना संरक्षण हवे असेल, तर डब्लिनची फ्रंट लाइन डिफेंडर्स ही संस्था त्याच कामासाठी आहे. यांपैकी कोणतीही सेवा सामान्य माणसाच्या हातात इतक्या सहज काम देत नाही, आणि म्हणून सुरुवातीसाठी माझी शिफारस अर्जंट ॲक्शनचीच राहील.

नाव नोंदवणाऱ्याने सुरुवातीला एकच देश किंवा एकच विषय निवडावा, उदाहरणार्थ फाशीची प्रकरणे किंवा पत्रकारांची अटक. आलेले प्रत्येक आवाहन हाती घेण्याचा प्रयत्न केला तर थकवा येतो, आणि थकलेला माणूस नमुना पत्र जसेच्या तसे चिकटवू लागतो. एकाच देशाविषयी सातत्याने लिहिणाऱ्याला तेथील कायद्यांची कलमे, न्यायालयांची उतरंड आणि अधिकाऱ्यांच्या बदल्या हळूहळू कळू लागतात, आणि त्याचे पत्र अधिक नेमके होते. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची प्रत, तारीख आणि आवाहनाचा क्रमांक एका वहीत नोंदवावा. त्याच व्यक्तीविषयी पुढचे आवाहन आले, तर नव्या पत्रात आधीच्या पत्राचा तारखेसह उल्लेख करता येतो, आणि त्या कार्यालयात बसलेल्या माणसाला कळते की विचारणारा अजून विचारतो आहे.